एका घरातील संगणकांचे जाळे

प्रस्तावना

माहितीपर लेखन हा गद्याचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. कथाकवितेतून लेखक भावना जागवतो. माहितीपर लेखातून तो एखादी वस्तू कशी चालते, एखादे काम कसे करावे, हे उलगडून सांगतो. असा लेख वाचताना मागची पायरी नीट समजली तरच पुढची समजते. प्रस्तुत पाठात घरातील वेगवेगळ्या खोल्यांमधील संगणक एकमेकांना कसे जोडावेत, याची माहिती दिली आहे. हा पाठ वाचल्यानंतर तांत्रिक मजकूर न घाबरता वाचणे, त्यातील शब्द योग्य अर्थाने वापरणे आणि सूचना कोणत्या क्रमाने द्याव्यात हे ओळखणे तुम्हाला जमू लागेल.

पाठ

झाशीहून ललितपूरकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर बबीना लागते. मुंबईहून भोपाळ, बीनामार्गे दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. बबीना ही लष्करी छावणी आहे आणि तिच्या भोवती रणगाडे व तोफा यांच्या सरावाची विस्तीर्ण मैदाने पसरलेली आहेत. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. अठराव्या शतकात छत्रसालाकडून बुंदेलखंडाचा काही भाग बाजीराव पेशव्यांकडे आला, पुढे झाशीची सुभेदारी नेवाळकरांकडे गेली, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांचे वंशज आजही झाशीत आहेत. छावणीतील मराठी कुटुंबे मात्र वेगळी. सातारा, सांगली, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून आलेल्या जवानांची ही कुटुंबे दोन-तीन वर्षे येथे राहतात आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधतात.

अशाच एका घराची कल्पना करू. एका रांगेत तीन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत इंटरनेटची तार येते. तिथेच दूरदर्शन संच आहे आणि आल्यागेल्याची बैठकही तिथेच. मधल्या खोलीत मुलाचा संगणक. मागच्या खोलीत, स्वयंपाकघराला लागून, एक जुना संगणक आहे. तो आईचा. आठवीनंतर तिचे शिक्षण सुटले. आता ती मुक्त विद्यालयातून माध्यमिक परीक्षेला बसणार आहे. रात्री भांडीकुंडी आवरल्यावर तिला अभ्यासाला एखादा तास मिळतो. पण पुढच्या खोलीतील यंत्राचे बिनतारी संकेत दोन जाड भिंती ओलांडून तिच्यापर्यंत धड पोहोचत नाहीत. गणिताचा पाठ पडद्यावर सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. आणि त्या तासातील वीस मिनिटे फिरणाऱ्या चक्राकडे पाहण्यात जातात. घरातील सर्वांत कमी वेळ जिच्याकडे आहे, तिच्याच वाट्याला सर्वांत दुबळा संकेत आला आहे. हा प्रश्न कसा सोडवायचा?

जाळे आणि इंटरनेट

पहिली गोष्ट म्हणजे, घरातील संगणकांचे जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जण या दोन्हींना एकच समजतात आणि मग दोष एकाचा असताना खर्च दुसऱ्यावर करतात. दोन संगणक एका तारेने जोडले की जाळे तयार झाले. मग बाहेरच्या जगाशी संबंध असो वा नसो. मुलाच्या संगणकात साठवलेली पाठ्यपुस्तके आईला मागच्या खोलीत वाचता येतील, एकच छपाईयंत्र दोघांना वापरता येईल, आणि आंधी-पावसाने बाहेरची तार तुटली तरी यातले काहीही थांबणार नाही. इंटरनेट हे या घरगुती जाळ्याला जोडलेले एक दार आहे इतकेच.

संगणक जोडण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत ईथरनेट या नावाने ओळखली जाते. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती विकसित केली. तेव्हाचा हेतूही साधा होता: एकाच इमारतीतील अनेक संगणकांना एक छपाईयंत्र वापरता यावे. भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हा ते दूरध्वनीच्या तारेवरून येई आणि त्या काळात दूरध्वनी बंद राही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट इतका वेग 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यास पुरेसा मानला होता. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. आज काचतंतूच्या जोडणीवर ५० किंवा १०० मेगाबिटचा वेग सहज मिळतो. पडद्यावर चालणाऱ्या एका स्पष्ट चित्रपाठाला तीन ते पाच मेगाबिट पुरतात. म्हणजे आपल्या कल्पनेतील घरात बाहेरून येणारा वेग अपुरा नाही. अडचण आहे ती भिंतीची. अशा वेळी अधिक वेगाची योजना विकत घेणे म्हणजे नळाला पाणी भरपूर असताना फुटक्या बादलीसाठी मोठी टाकी बांधण्यासारखे आहे.

जाळे उभारण्यापूर्वी त्यावरून काय पाठवायचे आहे, हे ठरवावे लागते. महाराष्ट्रातील एक उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवती तो उभा राहिला. शेतीविषयक सर्व प्रकारची माहिती गावोगावी पोहोचवावी, असा मोठा विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडणीची परवानगी कधी, खत किती मिळाले, हे विचारण्यासाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशातून हीच माहिती देऊन पाहिली आणि ती स्वस्तात व सुलभतेने देता आली. संगणकाचे जाळे त्यामुळे व्यर्थ ठरत नाही. पण त्यावरून कोणाला काय हवे आहे, हे आधी विचारले असते तर आराखडा वेगळा झाला असता. घराच्या बाबतीतही तेच. ज्या खोलीत केवळ बातम्या वाचायच्या आहेत आणि ज्या खोलीत तासभर न थांबता पाठ ऐकायचा आहे, त्या दोन खोल्यांची गरज सारखी नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) इंटरनेट बंद असतानाही घरगुती जाळ्यावर कोणती कामे चालू राहतात?
(आ) 'फुटक्या बादलीसाठी मोठी टाकी' या उपमेतील बादली, नळ आणि टाकी कशासाठी आले आहेत?

तारेचे काम

वायफायच्या या दिवसांत तारेचे नाव काढले की लोक नाक मुरडतात. तरीही एका जागी राहणाऱ्या संगणकाला तार जोडणे हाच उत्तम मार्ग आहे. तारेला भिंत आडवी येत नाही, शेजाऱ्याचे यंत्र तिच्यात गोंधळ करीत नाही, आणि एकदा नीट बसवली की ती वर्षानुवर्षे लक्ष मागत नाही. मागच्या खोलीतील आईच्या संगणकासाठी तारच ओढावी, असा निर्णय येथे घेऊ.

आधी कागदावर घराचा नकाशा काढावा. बाहेरची तार कोठून आत येते, विजेचे खटके व जोडण्या कोठे आहेत, दारे कोणत्या बाजूला उघडतात, हे त्यावर दाखवावे. मग तार कोणत्या मार्गाने जाईल ती रेघ ओढावी आणि दोरीने प्रत्यक्ष अंतर मोजावे. कागदावर १० मीटर दिसणारे अंतर चौकटी, कोपरे आणि चढउतार धरून १५ मीटर भरते. ही तार एका सलग पल्ल्यात १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे घरात लांबीची चिंता नसते. पण तोकडी पडलेली तार मध्ये जोडून वाढवू नये. दोन मीटर जास्तच घ्यावी.

छावणीतील सरकारी निवासस्थान हे स्वतःचे घर नव्हे. त्याची देखभाल मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, म्हणजे एम.ई.एस., या विभागाकडे असते. विनापरवानगी भिंतीला भोके पाडणे योग्य नाही आणि बदलीच्या वेळी घर ताब्यात देताना ते महागही पडते. म्हणून तार जमिनीलगत, भिंतीच्या पायाशी, प्लॅस्टिकच्या पट्टीतून न्यावी. बाजारात या पट्टीला केसिंग-कॅपिंग म्हणतात. दाराशी आल्यावर तार उंबऱ्यावरून आडवी टाकू नये. चौकटीच्या बाजूने वर नेऊन पलीकडे उतरवावी. हे जास्तीचे चार मीटर वाचवण्याच्या मोहात अनेक तारा पायाखाली तुडवल्या जातात.

तार घेताना ती पूर्ण तांब्याची आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. स्वस्त तारेत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अशी तार वळवल्यावर आतून मोडते आणि दोष बाहेरून दिसत नाही. 'कॅट ५-ई' किंवा 'कॅट ६' अशी खूण वेष्टनावर असलेली तार घरासाठी पुरेशी आहे.

या तारेच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरून येणारा विद्युत गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला तो वजा करता येतो. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली दूरध्वनीच्या तारांसाठी ही युक्ती योजली होती. टोकाला खटका बसवताना हा पीळ गरजेपेक्षा अधिक उलगडू नये, तो एवढ्याचसाठी.

आठ तारांचा क्रमही ठरलेला आहे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तारेच्या दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवून आर.जे. ४५ नावाचा पारदर्शक खटका चिमट्याने दाबून बसवतात. या कामाचा चिमटा वेगळा असतो. घरातील साध्या पकडीने ते होत नाही. एकाच तारेसाठी चिमटा विकत घेण्यापेक्षा दुकानातून दोन्ही टोके बसवून आणणे बरे. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. १०० मेगाबिटच्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात. १००० मेगाबिटला मात्र आठही. त्यामुळे उरलेल्या चार तारांपैकी एखादी आत तुटलेली असली तरी जाळे बहुधा चालते, फक्त दहापट मंद चालते, आणि घरातील माणसे दोष इंटरनेटला देत राहतात.

विजेच्या तारेशी या तारेची संगत नको. दोन्ही एकाच नळीतून कधीही ओढू नयेत. त्यात जाळ्याला गोंगाट लागतो हे तर आहेच, पण विजेच्या तारेचे आवरण गेले तर दाब संगणकापर्यंत आणि त्याला हात लावणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो, हे अधिक गंभीर. जिथे ओलांडणे भाग आहे तिथे काटकोनात ओलांडावे. तांब्याची तार गच्चीवरून शेजारच्या घरात नेण्याचा विचारही सोडून द्यावा. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर तीच तार तिला दोन्ही घरांत आणते. बाहेरून येणारी काचतंतूची तार या बाबतीत निर्धोक असते, कारण काच वीज वाहून नेत नाही. तिला वेगळी काळजी लागते: ती तीव्र कोनात वाकवू नये, आणि सुट्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातून येणारा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

पत्त्यांची व्यवस्था

आता तारा आल्या. त्यांना एकत्र आणणारे यंत्र म्हणजे राउटर. घरगुती राउटरच्या मागे बहुधा चार खाचा असतात. खाचा अपुऱ्या पडल्या तर स्विच नावाची छोटी पेटी जोडतात. स्विच आलेला मजकूर ज्या संगणकाचा असेल त्यालाच देतो. पूर्वी 'हब' नावाची पेटी वापरीत; ती आलेला मजकूर सर्वांनाच देत असे. जुन्या सामानात कोणाकडे हब पडलेली असेल तर ती तशीच पडू द्यावी.

राउटरचे खरे काम पत्त्यांचे आहे. हे काम समजण्यास छावणीतील माणसाला फार सायास पडू नयेत. सीमेवरील जवानाला घरून पत्र जाते तेव्हा त्यावर त्याचे ठिकाण लिहिलेले नसते. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' एवढेच लिहितात. साऱ्या देशाला हा एकच पत्ता ठाऊक असतो. पुढे ती पलटण कोठे आहे, हे सैनिकी टपाल खात्यालाच माहीत. राउटरही असेच करतो. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र राउटर प्रत्येक संगणकाला वेगळा क्रमांक देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक अशाच अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ पासून हा संकेत जगभर पाळला जातो. म्हणून बबीनातील एका घरात १९२.१६८.१.५ असा क्रमांक असतो, साताऱ्यातील दुसऱ्या घरातही तोच असू शकतो, आणि कोणाचाही घोटाळा होत नाही.

अर्थात ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. टपाल खाते आलेले प्रत्येक पत्र पोहोचवते. राउटर मात्र आतून कोणी विचारणा केलेली असेल तर तिचे उत्तर तेवढे आत घेतो. न मागता आलेला मजकूर दारातच टाकून देतो. घराचे पहिले संरक्षण हेच.

छपाईयंत्राला आणि ज्या संगणकात सामाईक पुस्तके ठेवली आहेत त्याला कायमचा क्रमांक बांधून द्यावा. नाहीतर वीज गेल्यावर राउटर नव्याने क्रमांक वाटतो आणि काल चालणारे छपाईयंत्र आज सापडत नाही.

बिनतारी संकेत

मोबाइलला तार लावता येत नाही; त्यासाठी वायफाय हवेच. भिंतीपलीकडे अदृश्य लहरी पाठवण्याचा प्रयोग भारताला नवा नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली होती. आजच्या वायफायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले. भारत सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले आणि घरोघरी असे राउटर लावणे सोपे झाले.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंती तुलनेने सहज ओलांडतात, पण त्यांचा वेग कमी आणि त्या पट्ट्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण एका जाड भिंतीतच त्यांचा दम जातो. बुंदेलखंड हा दगडाचा मुलूख. दगडी बांधणीच्या जुन्या घरांत हा फरक फार जाणवतो. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवावा. लोखंडी कपाटात किंवा दूरदर्शन संचाच्या मागे लपवलेला राउटर नीटनेटका दिसतो, पण घराला उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्यातील एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. झाशी-बबीनाकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरोघरी खिडकीत कूलर बसतात. पत्र्याची पेटी लहरी परतवते आणि तिच्यातील पाणी त्या शोषते. मार्चमध्ये मागच्या खोलीत येणारा संकेत मेमध्ये नाहीसा होतो तो पुष्कळदा यामुळेच. शिवाय बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पश्चिमेकडच्या तापलेल्या भिंतीवर टांगलेला राउटर दुपारी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला, तर कंपनीकडे तक्रार करण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी.

रांगेतील निवासस्थानांत शेजारच्या दहा घरांचे राउटरही बोलत असतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे मार्ग तीनच: १, ६ आणि ११. शेजारी सारे ६ वर असतील तर आपण १ किंवा ११ निवडावा. संकेत पुढे नेणारे 'रिपीटर' यंत्रही मिळते. ते खोलीच्या आत नव्हे, तर संकेत अजून चांगला येतो अशा वाटेवर ठेवायचे असते. त्यातही ऐकणे आणि बोलणे एकाच लहरीवर करावे लागल्याने वेग जवळपास निम्मा होतो. आईच्या खोलीपर्यंत तार आधीच आलेली असेल तर तिच्या टोकाला दुसरा लहान राउटर लावून तेथे वायफाय सुरू करणे हा त्याहून चांगला उपाय आहे.

वीज जाण्याचा प्रश्नही उरतोच. राउटरला बहुधा १२ व्होल्टचा अल्प प्रवाह लागतो. त्यासाठी मिळणारी छोटी बॅटरी-पेटी दोन-चार तास तो चालू ठेवते. बाहेरची तार आत घेणारी पेटी वेगळी असेल तर तिलाही याच बॅटरीवर घ्यावे. नाहीतर राउटर जागा आणि दार बंद, अशी स्थिती होते.

पाठगत प्रश्न २

(अ) '५६ ए.पी.ओ.' आणि राउटर यांच्यातील साम्य व भेद प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
(आ) मार्चमध्ये चालणारे वायफाय मे महिन्यात का दुबळे होते? दोन कारणे सांगा.

दाराचे कुलूप

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. तो कोणत्या पत्त्यावरून निघाला याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचले. त्या घरातील वायफाय बाहेरच्या माणसांनी वापरले असल्याचे तपासातून पुढे आले. पण तेथे राहणाऱ्या माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो, हे वर पाहिलेच आहे. आतून कोण बोलले, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी कुलूप नसलेली वायफाय जाळी शोधून त्यांच्या मालकांना सावध करण्याची मोहीम जाहीर केली.

छावणीतील घराला तर याची अधिकच काळजी घ्यावी लागते. वायफायचे नाव रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्याही मोबाइलवर दिसते. त्यात आडनाव, हुद्दा, पलटण किंवा घरक्रमांक गुंफू नये. अभिमानाने ठेवलेले पलटणीचे नाव ही अनोळखी माणसाला फुकट दिलेली माहिती असते. जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने जवान व अधिकाऱ्यांना मोबाइलमधील ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला होता, तोही अशाच काळजीपोटी.

राउटरला दोन परवलीचे शब्द असतात. एक वायफायला जोडून घेण्याचा. दुसरा राउटरची रचना बदलण्याचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतात. हा दुसरा शब्द एका नमुन्याच्या हजारो राउटरांवर सारखाच असू शकतो, म्हणून तो आधी बदलावा. सुरक्षेच्या पद्धतींपैकी डब्ल्यू.ई.पी. ही पद्धत २००१ सालीच फोडली गेली होती. ती कधीही निवडू नये. २००४ ची डब्ल्यू.पी.ए.-२ किंवा २०१८ ची डब्ल्यू.पी.ए.-३ निवडावी. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देण्याची सोय बहुतेक राउटरांत असते. त्यावरून इंटरनेट मिळते, पण घरातील संगणकांपर्यंत पोहोचता येत नाही.

दोष शोधणे

जाळे बंद पडले की आतून बाहेर जावे. आईच्या संगणकावरून राउटरला हाक मारावी. संगणकाच्या भाषेत याला 'पिंग' म्हणतात. राउटरचे उत्तर आले तर तार आणि घरातील जाळे ठीक आहे, दोष दारापलीकडे आहे. उत्तर आले नाही तर खटक्याशेजारील दिवा पाहावा. दिवा विझलेला असेल तर तारेचे टोक काढून पुन्हा बसवावे, मग दुसरी तार लावून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्यावर जाळे सुरू झाले, तरी दोष कशात होता हे कळत नाही आणि तो पुन्हा येतो.

बदलीचा हुकूम आल्यावर तारा गुंडाळून त्यांच्या टोकांना कोणती खोली ते लिहिलेली चिठ्ठी बांधावी. राउटर कंपनीला परत द्यायचा किंवा कोणाला विकायचा असेल तर त्याच्या मागील बारीक छिद्रात टाचणी काही सेकंद दाबून धरावी. त्यातील नावे आणि परवलीचे शब्द त्यामुळे पुसले जातात. सामाईक पुस्तकांच्या संगणकाची नक्कल वेगळ्या साठवण-पेटीवर घ्यावी आणि ती मालवाहू गाडीत न देता हातातील पिशवीत ठेवावी. परीक्षा नव्या ठिकाणी द्यायची असली तरी पुस्तके तीच लागणार आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या घराचा नकाशा काढून त्यावर तारेचा मार्ग दाखवा. तोच मार्ग का निवडला, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. पाठातील तारेचे काम हा भाग '-वा, -वी, -वे' अशा विध्यर्थी क्रियापदांनी लिहिला आहे. त्यातील कोणतीही सहा वाक्ये आज्ञार्थात लिहा. उदाहरणार्थ, 'आधी कागदावर नकाशा काढावा' – 'आधी कागदावर नकाशा काढा'. दोन्ही रूपांतील सूर कसा बदलतो?

३. शेजारी नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला वायफायचे नाव आणि परवलीचे शब्द याविषयी सावध करणारे पत्र लिहा. पत्र वाचणारी व्यक्ती वयाने मोठी आहे आणि तिने संगणक कधी वापरलेला नाही, हे लक्षात ठेवा.

४. 'उपमा लंगडी पडणे', 'नाक मुरडणे', 'दम जाणे' या शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.